माती नव्हती ती

पेणच्या त्या सर्जनच्या तळपायात बोरीचा काटा मोडावा आणि तो आतच राहावा, असं मी वर्षभर रोज मागितलं. देवापुढे उभं राहून नाही, तिथं असलं काही मागायची लाज वाटते. सकाळी रोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून, डबा मांडीवर धरून मागायचे. काटा मोडावा, वर्षभर काही कळू नये, मग गाठ यावी आणि ती दुखू नये. दुखणाऱ्या गाठीला माणूस घाबरतो, डॉक्टरकडे जातो. न दुखणारी गाठ माणसाला फसवते. माझ्या आईला तिने तसंच फसवलं.

आमचं गाव रोह्यापासून आत, डोंगराच्या कडेला. पावसाळ्यात भात आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. वडील गेल्यावरही आईने शेत सोडलं नाही. मी लग्न होऊन रोह्याजवळच्या वरसेत राहायला आले, पेणच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, तरी ती गावातच राहिली. शेजारच्या घरात काका-काकू होते, म्हणून मलाही फार काळजी वाटत नसे.

त्या वर्षी वालात गुरं शिरू नयेत म्हणून ती बोरीच्या फांद्यांचं कुंपण घालत होती. पायात काही नव्हतं. उजव्या तळव्यात, बोटांच्या जरा मागे, काटा घुसला. तिने तो सुईने काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि कुंपण पुरं केलं. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं, तेही दहा वेळा विचारल्यावर. काटा मोडणं ही काही तिच्या लेखी सांगण्याची गोष्ट नव्हती.

वर्षभराने गणपतीला गेले तेव्हा तिच्या तळव्याला सुपारीएवढी कडक गाठ दिसली.

"हे काय गं आई?"

"कायतरी हाय. दुखत नाय."

"कधीपासून?"

"दुखत नाय म्हटलं ना. मग कशाला मोजू?"

दिवाळीपर्यंत तिचं पाऊल एका बाजूने फुगलं. मी तिला पेणला आणलं. आमच्या लॅबच्या समोरच त्या सर्जनचं हॉस्पिटल होतं. त्यांचे पेशंट रक्त तपासायला आमच्याकडे येत, आमचे रिपोर्ट त्यांच्याकडे जात. मी त्यांना रोज बघायचे. हात सफाईदार, बोलणं तुटक. माणूस मोठा, असं सगळं पेण म्हणत होतं आणि मीही म्हणत होते.

त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. काढून टाकू."

ऑपरेशन झालं. मी बाहेर उभी होते. वॉर्डमधल्या बाईने स्टीलच्या ट्रेमध्ये गाठ आणून दाखवली. पांढुरकी, मध्ये काळे ठिपके. मी सर्जनना विचारलं, "सर, ही तपासायला पाठवायची का? मी फॉर्मेलिनची बाटली आणते."

ते हातमोजे काढत होते. वर न बघता म्हणाले, "तू टेक्निशियन आहेस ना? मग रक्त काढ. डॉक्टरकी मला करू दे."

ट्रेमधली गाठ बादलीत गेली. ती बादली मी पाहिली. निळी होती.

सहा महिन्यांत पाऊल पुन्हा सुजलं. या वेळी कातडीला दोन-तीन बारीक तोंडं पडली होती आणि त्यांतून पाणी यायचं. आम्ही परत त्यांच्यापुढे बसलो. आईने पाय स्टुलावर ठेवला आणि आपणहून सांगितलं. माझी आई डॉक्टरांपुढे आपणहून बोलणारी नव्हे, म्हणून मला ते नीट आठवतं.

"डाक्टर, त्यातनं काळं काळं येतंय. राईसारखं. चिमटीत धरलं तर कडक लागतं."

ते हसले. शेजारी उभ्या असलेल्या नर्सकडे बघून हसले.

"माती असेल, मावशी. शेतात अनवाणी फिरायचं, पाय धुवायचे नाहीत, मग दुसरं काय येणार? सोनं?"

नर्सही हसली. आईने पाय स्टुलावरून खाली घेतला आणि पदर त्याच्यावर ओढला. माझी आई गोठ्यातून आली तरी पायरीवर दोनदा पाय धुऊन मग घरात यायची. मला हे माहीत होतं. मी तिथं बोलायला हवं होतं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. समोरच्या लॅबमध्ये मला उद्याही जायचं होतं, म्हणून.

त्या दिवसापासून आई तो पाय काथ्याने घासायला लागली. रक्त येईपर्यंत घासायची.

त्यांनी दुसरं ऑपरेशन केलं. याही वेळी काढलेलं तपासायला गेलं नाही. मग "टीबी वाटतो" म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. कसलीही खात्री न करता. तिला लघवी भगवी व्हायची, अन्न जात नव्हतं, वजन उतरलं. पाऊल मात्र फुगतच होतं.

गावात याचा अर्थ निघायला वेळ लागला नाही. पायाला भोकं पडलीत, पाणी गळतंय, गोळ्या संपत नाहीत. काकूने सांगितलं, महारोग आहे. त्या वर्षी गौरीच्या ओवशाला बायका पूजेची सुपं घेऊन जमल्या तेव्हा काकूने आईला दारातच थांबवलं. "तू नको येऊस गो. लेकुरवाळ्या हायत घरात." आई सूप घेऊन परत आली. पाण्याच्या हंड्याला तिने हात लावू नये, असंही ठरलं. हे मला आईने सांगितलं नाही, एका शेजारणीने फोनवर सांगितलं. ते ऐकून मी लॅबच्या बेसिनवर उभी राहिले आणि काचेच्या नळ्या इतक्या जोरात धुतल्या की एक हातात फुटली.

सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्यावर सर्जननी एक्स-रे दिव्यासमोर धरला. हाडाला खड्डे पडलेले दिसत होते.

"आता उपाय नाही," ते म्हणाले. "घोट्याच्या वरून काढावा लागेल. पुढच्या आठवड्यात अॅडमिट व्हा."

आम्ही परतीची एसटी धरली. नागोठणं गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "कोंबडी कापायची तसं बोलला गो."

मी तिला गावाला न पाठवता वरसेत माझ्या घरी आणलं. माझे यजमान कंपनीत शिफ्टला. हातमोज्यांनी त्यांच्या हातांना खाज सुटायची, म्हणून ते नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईकडे जात. ते म्हणाले, "पाय कापायचा तर आठवड्याने कापू. त्याआधी एकदा त्या बाईंना दाखव. त्या बघतात तरी नीट."

मी म्हटलं, "त्वचेची डॉक्टर पाय काय वाचवणार?" तरी दुसऱ्या दिवशी रिक्षाने पूल ओलांडून आम्ही अष्टमीत गेलो.

डॉक्टरबाई माझ्यापेक्षाही लहान होत्या. त्यांनी आईचा पाय आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर घेतला. गेल्या वर्षभरात त्या पायाला घरच्यांशिवाय कोणी असं धरलं नव्हतं. बोटांनी दाबत दाबत त्यांनी विचारलं, "मावशी, कधी काटा मोडला होता का इथे?"

आई म्हणाली, "आठवत नाय."

"यातून काही बाहेर येतं? दाणे? रंग कसा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाय. काय नाय येत. मी रोज पाय धुते. आज तीनदा धुतला."

मला हुंदका आला. तो रडण्याचा नव्हता, रागाचा होता. मीच सांगितलं, की दाणे येतात, काळे, राईएवढे, आणि पेणचे सर्जन त्याला माती म्हणाले. डॉक्टरबाईंनी आईचं पाऊल हळूच खाली ठेवलं.

"मावशी, आज मी पट्टी बांधते. उद्यापर्यंत सोडायची नाही, धुवायची नाही. घाणेरडा पाय घेऊन या माझ्याकडे. घाणेरडाच हवाय मला."

आई रात्रभर त्या न धुतलेल्या पायाने अस्वस्थ होती. सकाळी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. पांढऱ्या कापडावर पाण्याचा पिवळा डाग आणि त्यात सात-आठ काळे दाणे. डॉक्टरबाईंच्या तोंडून "हां!" असं निघालं. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे मायक्रोस्कोप आहे ना? हा दाणा दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडून बघायचा. पोटॅशचं द्रावण टाकून. जमेल?"

जमेल का! ते तर माझं रोजचंच काम. नखांवरची, कातडीवरची बुरशी आम्ही तशीच बघतो. मी दाणा डबीत घालून पेणला नेला. लॅबचा मालक जेवायला गेला होता. मी दाणा पट्टीवर ठेवला, थेंब टाकला, वरून दुसरी पट्टी दाबली. कटकन आवाज झाला. भिंगाखाली तपकिरी ढेकूळ दिसलं आणि त्याच्या कडेने दोरे. एकात एक गुंतलेले, मध्ये मध्ये फुगीर, जाडसर दोरे. मातीला दोरे नसतात.

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं लागली होती.

दोन ऑपरेशनं, सहा महिन्यांचं विष आणि कापायला काढलेला पाय, हे सगळं दहा मिनिटांच्या कामासाठी. तेही समोरच्या इमारतीत, मी रोज जिथे बसते त्या खुर्चीवर होणारं. खिडकीतून समोरच्या हॉस्पिटलची पाटी दिसत होती. तेव्हापासून मी तो काटा मागायला लागले.

आजाराला डॉक्टरी भाषेत मायसेटोमा म्हणतात, डॉक्टरबाईंनी समजावलं. मातीतली बुरशी काट्याबरोबर कातडीखाली जाते आणि तिथं वर्षानुवर्षं पसरते, हाडापर्यंत. एका माणसाचं दुसऱ्याला होत नाही. इकडे फार क्वचित दिसतो.

"बुरशी म्हंजे?" आईने विचारलं. "लोणच्यावर येते ती?"

"तिचीच लांबची बहीण, मावशी."

"माझ्या लोणच्याला आजवर कधी आली नाय," आई म्हणाली आणि खरंच दुखावली.

आतला तुकडा काढून मुंबईला पाठवला. तिथे बुरशी वाढवून ओळखायला काही आठवडे गेले, पण दाणा पाहूनच डॉक्टरबाईंनी टीबीच्या गोळ्या थांबवल्या होत्या. त्या गोळ्यांनी बुरशीचं औषध अंगी लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. मग कॅप्सूल सुरू झाल्या. दोन वेळा, भरल्या पोटी, जेवण झाल्या झाल्या. दर महिन्याला लिव्हरची तपासणी. रक्त मीच काढायचे. औषध वर्षभर तरी चालेल, गाठ आवळून लहान होईल आणि उरलेली मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात काढू, असं ठरलं. पाय कापण्याचं नावही डॉक्टरबाईंनी घेतलं नाही.

मुंबईचा रिपोर्ट हातात आल्यावर पहिल्या रविवारी मी आईला घेऊन गावाला गेले. काकूच्या पडवीत तीन-चार बायका वाल सोलत बसल्या होत्या. मी मुद्दाम तेव्हाच गेले. उभ्यानेच रिपोर्ट उघडला आणि मोठ्याने वाचला. इंग्रजी कोणालाच कळणार नव्हतं, म्हणून एकेक ओळ मराठीत सांगितली.

"महारोग नाही. टीबी नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही. आता काकू, आईच्या हातचं पाणी पी."

"अगो, मी कधी काय म्हटलं..."

"पी. आत्ता. या सगळ्यांसमोर."

आईने आत जाऊन त्यांच्याच हंड्यातून तांब्या भरून आणला. काकूने चार घोट घेतले. बायकांनी माना खाली घालून वाल सोलले. घरी आल्यावर मला वाटलं, आई रागावणार. आई म्हणाली, "अर्धाच भरला मी. पुरा भरायला हवा व्हता."

काकूचं उरकलं. सर्जनचं उरकायचं होतं.

त्यांच्याशी मी काहीच बोलले नाही. आई ठरलेल्या दिवशी अॅडमिट झाली नाही, त्यांनीही विचारलं नाही. मी मात्र माझ्या पद्धतीने सुरुवात केली. रक्त काढताना पेशंट सांगायचा, समोर दाखवायचं आहे. मी हलक्या आवाजात म्हणायचे, "त्यांच्याकडे नका जाऊ. पनवेलला जा." कारण विचारलं तर नुसती मान हलवायची. मान हलवण्याने माणूस जास्त घाबरतो. असं मी किती जणांना माघारी फिरवलं, मोजलं नाही. प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं. संध्याकाळी एसटीत बसले की दिवसभरात कोणाला फिरवलं ते आठवायचे.

एकदा जोह्याहून एक बाई आली. गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवायचं काम करायची, नखांच्या कडांना काळा रंग होता. पोटात उजवीकडे दुखत होतं, बरोबर लग्नाच्या वयाची मुलगी. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून लगेच समोर जायला सांगितलं होतं. मी रक्त काढलं. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या होत्या, हे मला पाच मिनिटांत दिसलं. तरीही मी मुलीला म्हटलं, "यांच्याकडे नको. पनवेलला न्या."

त्या गेल्या. मी माझ्या डब्याकडे वळले.

महिन्याभराने ती मुलगी गावच्या डॉक्टरांनी काढून दिलेलं आईचं रक्त परत तपासायला घेऊन आली. तिनेच सांगितलं. हायवेवर काम चालू होतं, गाडी अडकली. पोहोचेपर्यंत आतलं अपेंडिक्स फुटलं होतं. पोटात पू झाला, आई पंधरा दिवस पनवेलला पडून होती. वाचली.

"तिथले डॉक्टर विचारत होते," मुलगी म्हणाली, "पेणला लगेच उघडलं असतं तर फुटलं नसतं. पेणला कोणी चांगलं नाय काय? मी म्हटलं, लॅबवाल्या ताई बोलल्या, नाय."

ती माझ्याकडे बघत होती. तक्रार करत नव्हती. खरंच विचारत होती.

"आहे," मी म्हटलं. "समोरचे डॉक्टर अपेंडिक्स चांगलं काढतात."

"मग तुम्ही...?"

मी तिच्या आईच्या रक्ताच्या नळीवर नाव लिहिलं. सर्जनने एका बाईचं ऐकलं नाही आणि तिचा पाय जायची वेळ आली. मी एका बाईचं रक्त डोळ्यांनी पाहिलं आणि तिला हायवेवर पाठवलं. जीव जायची वेळ आली. त्या दिवशी एसटीत मी काटा मागितला नाही. पण माझा राग गेला असं कोणी समजू नये. उलट तो जास्त झाला, कारण आता त्याच्यात माझाही वाटा मिसळला होता आणि मला तो वेगळा करता येत नव्हता. एवढंच ठरवलं, की पुन्हा कोणाला मान हलवून दाखवायची नाही. जे बोलायचं ते सर्जनच्या तोंडावर, आणि कागदावर असेल तेवढंच.

कागद माझ्याकडे होते. दोन्ही ऑपरेशनांचे, टीबीच्या गोळ्यांचे, पाय कापायचं लिहिलेला. सगळे एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेले.

आईच्या कॅप्सूलना वर्ष होत आलं. भोकं बुजली, पाऊल उतरलं. मुंबईला उरलेली गाठ काढली, तिच्याबरोबर दोन बोटं गेली. पण पाय राहिला, टाच राहिली, आणि टाच टेकवून ती माझ्या घराच्या जिन्यावरून उतरली तेव्हा यजमानांनी शिफ्टला जायला उशीर केला.

त्यानंतर काही महिन्यांनी पेणच्या एका हॉलमध्ये परिसरातल्या डॉक्टरांची सभा होती. अष्टमीच्या डॉक्टरबाई आईची केस मांडणार होत्या. आईची परवानगी घ्यायला त्या स्वतः घरी आल्या.

"पायाचा फोटू दाखवा," आई म्हणाली. "त्वांड नको."

मला त्यांनी मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्या घेऊन यायला सांगितलं, म्हणजे सभेनंतर डॉक्टरांना दाणा प्रत्यक्ष बघता येईल. आणि मला बजावलं, "कोणाचं नाव घ्यायचं नाही. शिकायला जमतोय, भांडायला नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि फाइल पिशवीत टाकली.

सर्जन पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर आईचं पाऊल आलं, भिंतीएवढं मोठं. ज्या पायावर त्यांनी दोनदा सुरी चालवली, तो पाय त्यांनी ओळखला नाही. डॉक्टरबाई सांगत गेल्या. काटा, गाठ, पहिलं ऑपरेशन, दुसरं, टीबीच्या गोळ्या. मग पट्टीवरचे दाणे. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पहिला हात सर्जनचाच.

"पहिल्या ऑपरेशनला टिश्यू बायोप्सीला पाठवला होता का?"

"नाही सर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि दुसऱ्याला?"

"नाही."

ते मागे वळून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. कोण करतं असं?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच नाही म्हणाल्या. मी मायक्रोस्कोपच्या टेबलामागे उभी होते. मी फाइल घेतली, चालत पहिल्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांच्या मांडीवर उघडून ठेवली. नाव घेतलं नाही. तेवढा शब्द पाळला.

त्यांनी खाली पाहिलं. आपलं अक्षर, आपली सही. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. शेजारच्या डॉक्टरांनी मान लांब करून वाचलं आणि पटकन समोर बघायला लागले. म्हणजे सगळ्यांना कळलं.

"सर," मी म्हटलं, "तिने तुम्हाला सांगितलं होतं. काळे दाणे येतात म्हणून. तुम्ही माती म्हणालात. तुम्ही नर्सकडे बघून हसलात."

"माझ्या लक्षात नाही," ते म्हणाले.

"तिच्या आहे."

दोन वर्षं मी एसटीत ही वाक्यं म्हणून बघितली होती. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातलं रक्त गेलं. त्यांनी फाइल मिटून खुर्चीवर ठेवली आणि चहाला न थांबता निघाले. माझ्याजवळून जाताना हळू म्हणाले, "हे इथे बोलायची गरज होती?"

"तिथे तुम्ही बोलू दिलं नाही."

सोमवारी लॅबच्या मालकाने मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याचंही बरोबर होतं. समोरून पेशंट येणं त्याच दिवशी थांबलं होतं. डॉक्टरबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस निरोप आला, काचपट्ट्या साचल्यात, बघायला ये. गेल्यावर म्हणाल्या, "शब्द मोडलास."

"मोडला."

"परत असं करशील?"

"त्यांच्याशी? हो."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि पट्ट्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून मी अष्टमीतच काम करते.

घरी आईला मी सभेचं सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. तिने चूल आवरली, पाय पसरून बसली आणि म्हणाली, "त्याचं त्वांड कसं झालं ते परत सांग." मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीला बोलावून तिने मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. जोह्याच्या बाईचं मात्र मी तिला सांगितलं नव्हतं. ते पुढे कधीतरी भीत भीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिच्या घरी जाऊन आलीस काय?" मी नव्हते गेले. पुढच्या रविवारी गेले. जोह्याला एसटीतून उतरले, त्या बाईसमोर बसले आणि खरं काय ते सांगितलं. तिने मला चहा दिला, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तो चहा मी प्याले.

जुन्या लॅबमधली मैत्रीण सांगते, की समोरचे सर्जन आता काढलेली प्रत्येक गाठ बाटलीत घालून तपासायला पाठवतात. साधी चरबीची असली तरी. ऐकून मला समाधान वाटतं. माफ करावंसं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पेणला पापड घ्यायला गेले होते, तेव्हा ते त्याच दुकानात उभे होते. केस पिकलेत. मला पाहून थोडे थांबले, मग स्वतःच बोलले.

"आई कशा आहेत?"

"दोन बोटं गेली. चालते."

"मी त्यानंतर बराच विचार केला," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर मायसेटोमा मी माझ्या सगळ्या प्रॅक्टिसमध्ये कधी पाहिलाच नव्हता."

"पाहिला होता, सर. दोनदा कापलात."

त्यांनी काउंटरवरची पिशवी उचलली आणि गेले. मी माझे पापड बांधून घेतले, रोह्याची एसटी पकडली. घरी येऊन आईला सांगितलं. ती अंगणात वालाच्या शेंगा वाळत घालत होती.

"एवढंच बोललीस?"

"एवढंच."

"कमीच बोललीस गो," आई म्हणाली.